खुर्ची मिळाली, पण पाय टेकेनात

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)

 

मागच्या महिन्यात एका बचत गटानं रेडिओच्या ताईंकडे तक्रार केली. म्हणाल्या, आमच्या ग्रामसंघाची लिपिका सारखी मान धरून बसते, दप्तर लिहायचं म्हटलं की नको म्हणते, तिच्यासाठी काहीतरी सांगा. ताईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, तू यातनं गेली आहेस, तूच बोल. म्हणून आले. मी डॉक्टर नाही. बारावी झालेली, संगणकाचा कोर्स केलेली बाई आहे. आमच्या माणदेशातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रात सहा वर्षं काम करते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारवर अंगठा लावून बँकेचे पैसे काढणं, पिकविम्याचा अर्ज, असलं सगळं. म्हणजे बसून करायचं काम. आणि याच बसण्यानं मला एकदा अंथरुणाला खिळवलं होतं. तीच गोष्ट सांगते.

जुलै २०२४ तुम्हा सगळ्यांच्या लक्षात असेल. लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले होते. त्यातच शाळा-कॉलेजचे दाखले. सकाळी आठला मी कुलूप काढायला जायची, तर दारात चाळीस-पन्नास बाया आधीच पिशव्या घेऊन बसलेल्या. कुणाचं आधारवरचं नाव वेगळं, कुणाच्या बँक पासबुकावरचं वेगळं, कुणाचा अंगठा उमटेना. साइट चालेना, म्हणून रात्री दहा-अकराला फॉर्म भरत बसायचं. उठले की नंबर चुकतो, बाया ओरडतात, म्हणून मी उठतच नव्हते. डबासुद्धा एका हातानं खायची.

दहा-बारा दिवस असं केलं. कंबर भरून यायची, पण झोपलं की सकाळी बरं वाटायचं. मग एक दिवस रात्री खुर्चीतनं उठले आणि तशीच वाकडी राहिले. सरळ होता येईना. डाव्या कुल्ल्यापासनं पोटरीपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढावी तसं झालं. दीर मोटारसायकलवरनं घरी घेऊन आला. मागं बसताना रडले मी.

घरी आले तर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच उभ्या. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या. त्या म्हणाल्या, "आगं, दिसभर पंख्याखाली बसतीस की गं तू. कंबर माझी दुखाय पायजे. तुझी कशानं दुखती?"

आता यात त्यांची काही चूक नाही. वाईट बोलायचं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. पण मला ते इतकं लागलं की पुढचे तीन आठवडे मी कुणाला दुखतंय म्हणून सांगितलंच नाही. मेडिकलमधनं गोळ्या आणायच्या आणि उपाशीपोटी घ्यायच्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, उसण भरली असंल, पायाळू माणसाची लाथ बसली की जाईल. वाडीवरचा एक पायाळू पोरगा बोलावला. त्यानं लाथ मारली, तीही हळूच. उसण काही गेली नाही. बरं झालं त्यानं हळू मारली, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं. नस दबलेली असताना कंबरेवर लाथ मारणं, जोरात चोळणं, कुणाकडून कटकन मान-कंबर मोडून घेणं, यानं होतं ते आणखी बिघडू शकतं.

मी काम सोडायच्या विचारापर्यंत आले होते. नवऱ्याशी बोलूनही झालं होतं. पण माझ्या जागी जो माणूस बसला असता, त्याच्याकडे बाया कशा गेल्या असत्या? आमच्याकडे बाया पासबुक ब्लाउजमधनं काढून माझ्या हातात देतात आणि हळूच विचारतात, किती शिल्लक आहे बघ, मोठ्यानं बोलू नको. ते एखाद्या पोराला विचारणार आहेत का? आणि महिन्याचे जे काही पैसे मिळतात, ते माझ्या नावावर येतात. ते मला सोडायचे नव्हते.

बसून कामाचं दुखणं हे काही आजचं फॅड नाही, हे मला नंतर कळलं. इटलीत रामाझ्झिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. सव्वातीनशे वर्षांपूर्वी, १७०० साली, त्यांनी कामगारांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. कुंभार, खाणीतले मजूर, धोबिणी, सगळ्यांची दुखणी त्यात आहेत. आणि त्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत कारकुनांचीही आहेत, दिवसभर वह्या लिहिणाऱ्यांची. त्यांनी कारणं दिली तीन. सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि आकडा चुकू नये म्हणून डोक्याला लागलेला घोर. ग्रामसंघाचं दप्तर लिहिणाऱ्या मैत्रिणींनो, तिसरं कारण ऐकलंत ना? हिशेबात दहा रुपयांचा मेळ लागत नसला की खांदे कसे कानापर्यंत चढतात, ते आपल्यालाच माहीत.

आणि उलटही सांगते, नाहीतर आत्या म्हणतील की उभ्यानं राबणाऱ्यांचं काय. केरळात कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या बायांना दहा-दहा तास बसू देत नसत. त्या बाया भांडल्या आणि २०१८ साली तिथं कायदा बदलून बसायची सोय द्यावी लागली. २०२१ साली तमिळनाडूनं तसाच कायदा केला. म्हणजे त्यांना बसायला पाहिजे होतं, मला उठायला. शरीराला एकाच ठिकाणी डांबून ठेवलेलं चालत नाही, मग ते उभं असो की बसलेलं. खुरपताना कंबर दुखते ती दिसते, खुर्चीत दुखते ती दिसत नाही, एवढाच फरक.

तर शेवटी उपजिल्हा रुग्णालयात गेले. तिथं फिजिओथेरपीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरताई होत्या. त्यांनी पाय वर उचलून बघितला, अंगठा वर ओढायला लावला, टाचेवर चालायला लावलं. मग म्हणाल्या, "ताई, नस थोडी दबलीय, पण पायात जोर चांगला आहे. ऑपरेशनचं काही नाही. आता या स्टुलावर बसा आणि कामावर कशा बसता ते मला करून दाखवा."

मी बसून दाखवलं. त्या बघतच राहिल्या. माझे पाय जमिनीला टेकतच नव्हते. तुम्हीही आज घरी बघा. बाजारात मिळते ती खुर्ची साधारण १७-१८ इंच उंच असते. तुमची स्वतःची उंची कशी मोजायची, तर चप्पल काढून सरळ उभं राहायचं आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत टेप लावायचा. माझी भरली १५ इंच. मी जेमतेम पाच फूट आहे. आपल्यातल्या पुष्कळ जणी तेवढ्याच असतात. मग काय होतं, पाय लोंबकळतात, खुर्चीची कड मांडीखाली रुततं, पायाला मुंग्या येतात. ते टाळायला आपण पुढं सरकून खुर्चीच्या कडेवर बसतो. कडेवर बसलं की पाठीला टेका राहत नाही. टेका नाही म्हणून पाठीला पोक येतं. झालं, कंबर गेली.

माझ्या मनात तेव्हा काय आलं सांगू? आपल्या राज्यात २०११ पासनं ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना आहेत. गावोगाव बाया सरपंचाच्या खुर्चीत बसल्या. पण तो फोटो आठवून बघा. भली मोठी खुर्ची, मागं नक्षी, आणि ताई आपली कडेवर बसलेली, पाय अधांतरी. खुर्ची मिळाली, पण ती मापानं केली होती बाप्याच्या. आपण मात्र समजतो की आपल्यालाच नीट बसता येत नाही.

डॉक्टरताईंनी मग मणक्याचं सांगितलं. पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसतो. कंबरेपाशी तो पोटाच्या बाजूला जरासा आत वळलेला असतो. उभं राहिलं की तो बाक आपोआप राहतो. पोक काढून बसलं की तो मोडतो आणि दोन मणक्यांच्या मधली गादी पुढच्या बाजूनं चेपून मागच्या बाजूला ढकलली जाते. मागंच पायाकडे जाणाऱ्या नसा असतात. आणि या गादीचं एक वेगळंच आहे. मोठ्या माणसात तिला स्वतःची रक्तवाहिनी जवळजवळ नसते. आपण हललो, वाकलो, चाललो की ती दबते-सुटते, आणि त्यातनंच आजूबाजूचं पोषण आत झिरपतं. तासन् तास न हलता बसलं, की नुसतं दबणं होतं, सुटणं नाही.

मानेचं तर त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मी आजपर्यंत विसरले नाही. विचारलं, "डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालताना मान कशी ठेवता?" मी म्हटलं, सरळ. हनुवटी आत, नजर पुढं. "आणि मान पुढं काढली तर?" हंडा पडेल की. "मग तुमचं स्वतःचं डोकं हाही हंडाच आहे, पाचेक किलोचा. संगणकात बघताना तुम्ही तो पुढं लोंबकळत धरता आणि मागचे स्नायू दिवसभर त्याला ओढून धरतात." पाच किलोची बादली अंगाजवळ धरली तर काही वाटत नाही. तीच हात लांब करून धरून बघा, मिनिटभरात खांदा भरून येईल.

पण म्हणून लाकडासारखं ताठ बसायचं असं नाही बरं का. शाळेत गुरुजी म्हणायचे, ताठ बसा. ताठ बसून दोन तास हलला नाहीत, तरी दुखणारच. डॉक्टरताई म्हणाल्या, सगळ्यात चांगली बैठक म्हणजे पुढची बैठक. टेकून बसा, मग जरा पुढं व्हा, मग एक पाय पुढं घ्या, मग उठा. फक्त जास्तीत जास्त वेळ ज्या पद्धतीनं बसता, ती अंगाला टेका देणारी असू द्या.

आता मी काय काय बदललं ते सांगते. खर्च फार आला नाही, पण एका दिवसात झालं नाही. आणि पहिला शोध माझा नव्हताच.

मी परत कामाला लागले तेव्हा आत्या एकदा डबा घेऊन केंद्रात आल्या. पाऊस लागला म्हणून थांबल्या. मी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं. तासाभरानं उठल्या आणि मांड्या चोळायला लागल्या. म्हणाल्या, "आगं, पाय झोपलं की माझं. ह्यात कसं बसत्यात गं?" मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवघराच्या कोपऱ्यातला जुना पाट पुसून माझ्या पिशवीत घातला. "पायाखाली घे," एवढंच बोलल्या. तो पाट आजही माझ्या टेबलाखाली आहे.

नुसत्या पाटानं भागलं नाही, कारण आमचं टेबल उंच. तीस इंच असतात ही टेबलं. खाली बसून त्यावर टाइप करायचं म्हणजे खांदे वर उचलूनच धरावे लागतात. म्हणून मग बैठक वर घेतली. जुन्या वाकळीची जाड घडी खुर्चीवर टाकली आणि पाटाखाली दोन विटा ठेवल्या, म्हणजे पायही वर आले. आता कोपर टेबलाच्या पातळीला येतं, खांदे सैल राहतात, आणि मांड्या साधारण आडव्या. खुर्ची कशी लावायची, तर आधी कोपर बघा, मग पाय बघा. कोपर टेबलाच्या खाली राहत असेल तर बैठक उंच करा, आणि पाय लोंबले तर त्यांच्याखाली काहीतरी द्या.

कंबरेमागं टॉवेलची गुंडाळी ठेवते. जिथं परकराची नाडी बांधतो, त्याच्या जरा वर. गुंडाळी मनगटाएवढी जाड असली की पुरे, उशी ठेवली तर उलट आपण पुढं ढकललो जातो. आणि बूड खुर्चीच्या पार मागच्या टोकाला लावायचं, नाहीतर गुंडाळीचा काही उपयोग नाही. आपल्याकडे पेढीवरचे मुनीम गादीवर बसायचे, मागं लोड, पुढं उतरतं छोटं मेज. त्यांना हे कुणी शिकवलं नसेल, पण पाठीला टेका आणि वही डोळ्याजवळ, दोन्ही बरोबर होतं.

आधीची खुर्ची प्लॅस्टिकची, हातवाली होती. तिचे हात टेबलाला अडायचे, म्हणून ती पुढं सरकायची नाही आणि मला वाकून टाइप करावं लागायचं. शाळेतनं बिनहाताची लाकडी खुर्ची मागून आणली. पडदा खाली होता, तो पत्र्याच्या डब्यावर चढवला. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे आणि हात लांब केला की बोटं पडद्याला लागतील इतकं अंतर. ज्या लॅपटॉपवर काम करतात त्यांनी लॅपटॉप जाड वह्यांवर ठेवावा आणि वेगळा कीबोर्ड जोडावा. नुसता लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन् तास काम हे मानेला सगळ्यात वाईट.

अंगठ्याचं मशीन माझ्या उजव्या हाताला लांब होतं. दिवसातनं शंभर वेळा तिकडं वळायचं, आणि दर वेळी कंबरेला पीळ. ते समोर घेतलं. प्रिंटर मात्र मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. कागद निघाला की उठावंच लागतं. सुरुवातीला लोक म्हणाले, ही काय येडी आहे का? म्हणू दे.

उठण्याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण बाकीचं सगळं करून जी उठत नाही, तिचं दुखणं थांबत नाही. लंडनमध्ये दोन मजली बस असतात. तिथं जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसमधल्या कामगारांचा अभ्यास केला, तो १९५३ साली छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर त्याच बसमध्ये, पण दिवसभर वर-खाली जिना चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला, आणि जो होता तोही उतारवयात आणि सौम्य. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातले बसून काम करणारे कारकून, यांच्यातही तोच फरक दिसला. म्हणजे प्रश्न फक्त कंबरेचा नाही.

मी अर्ध्या तासाला उठते. घड्याळ बघत नाही, पाच-सहा फॉर्म झाले की उठते. दोन मिनिटं. दारापर्यंत जायचं, कंबरेवर हात ठेवून चार-पाच वेळा सावकाश मागं वाकायचं, टाचा दहा वेळा वर-खाली करायच्या, लांबच्या लिंबाकडे बघायचं म्हणजे डोळ्यांनाही बरं. रांगेतल्या बायांना सांगून टाकलं, मी उठणार, ओरडायचं नाही. आता त्याच म्हणतात, बाई उठ गं, लय वेळ झाला.

जमिनीवर बसून दप्तर लिहिणाऱ्या तायांनो, मांडी घालून बसणं वाईट नाही. वाईट आहे ते वही जमिनीवर ठेवून तिच्यावर ओणवं होणं. बुडाखाली वाकळीची घडी घ्या, म्हणजे गुडघे बुडापेक्षा खाली राहतात आणि पाठ सहज सरळ होते. वही चौरंगावर घ्या. भिंतीला टेकून बसा. आणि दोन्ही गुडघे दुखत असतील तर मानपान बाजूला ठेवून सरळ खुर्ची मागा. बैठकीत अध्यक्षबाई खाली बसल्यात म्हणून मी पण खाली, असं करू नका.

शिवणकामवाल्यांचं दुखणं निराळं. पायमशीनला बिनटेक्याचं स्टूल असतं, आणि टाका दिसत नाही म्हणून मान खाली जाते. मशीनवर उजेड डाव्या बाजूनं नीट येऊ द्या, स्टूल जवळ ओढा, आणि ब्लाउज संपला की उठा. कापायचं काम जमिनीवर वाकून न करता उंच टेबलावर उभ्यानं करा. त्यात तेवढाच बदल होतो.

अंगणवाडीताई, आशाताई मोबाइलवर माहिती भरतात. मोबाइल मांडीवर नको. कोपर पोटाला टेकवून मोबाइल छातीपर्यंत वर आणा.

आणि एक गोष्ट जी कुणी कबूल करत नाही. चाळिशी. चाळीस-बेचाळीस वय झालं की जवळचं अक्षर पुसट दिसायला लागतं. हे सगळ्यांनाच होतं, त्यात लाजायचं काय? पण चष्मा लावला तर म्हातारी झाली म्हणतील म्हणून बाया मान पुढं काढून, डोळे बारीक करून लिहितात. ज्या लिपिकाताईंची मान दुखतेय, त्यांचं वय मला माहीत नाही, पण त्यांनी आधी सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत. मानेच्या अर्ध्या दुखण्याचं औषध डोळ्यावर असू शकतं.

आपण काम संपवून घरी गेलो म्हणजे सुट्टी नसते. सहा तास पोक काढून बसलेली कंबर, आणि घरी पोचताच आपण हंडा उचलतो, नाहीतर आखूड केरसुणीनं अंगण झाडतो. डॉक्टरताईंनी मला याबद्दल फार दटावलं. खूप वेळ बसून उठल्या उठल्या जड उचलायचं नाही. पाच-दहा मिनिटं चाला, चहा उभ्यानं घ्या, मग उचला. उचलताना गुडघे वाकवा आणि ओझं पोटाशी धरा. केरसुणीला मी वेळूची काठी बांधली आहे. आणि घरच्यांनाही सांगायला लागतं. मला तीन आठवडे जमलं नव्हतं ते मग मी नवऱ्याला सरळ सांगितलं, संध्याकाळचं पाणी तुम्ही भरायचं. तो भरतो. कुरकुरतो, पण भरतो.

बरं व्हायला किती दिवस लागले? अडीच महिने. पहिले दोन-तीन दिवस सोडले तर निजून राहू नका, असं मला बजावलं होतं. पूर्वी कंबर दुखली की महिनाभर फळीवर निजवायचे. आता डॉक्टर तसं सांगत नाहीत, सोसवेल तेवढं हिंडतं-फिरतं राहायला सांगतात. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते. पट्टा लावायचा तर विचारून लावा. दुखायच्या गोळ्या मनानं महिनोन् महिने खाऊ नका, त्यानं पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडालाही मार बसतो. आणि मी पुरती बरी झाले असं खोटं सांगणार नाही. लांबचा एसटीचा प्रवास झाला की अजून पाय ठणकतो.

पण काही वेळा घरी थांबायचंच नाही. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा लघवी होईना, बसायच्या जागी, मांड्यांच्या मधे बधिर वाटायला लागलं, पायातला जोर जाऊन पाऊल घसटायला लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं असेल, पडल्यावर सुरू झालं असेल, तरीही लवकर डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर चोळत बसू नका, तेही लगेच दाखवायचं.

आता जिथं बसल्या आहात तिथंच माझ्याबरोबर एक करा. समोर बघा. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागं न्या, जणू डोक्यावर हंडा ठेवलाय. पाच आकडे मोजा. सोडा. असं पाच वेळा. खांदे कानाकडे न्या, मागं फिरवा, खाली सोडा. पायात मुंग्या वाढल्या किंवा चक्कर आली तर थांबा. पोटुशी बायांनी मागं वाकायचं ते डॉक्टरांना विचारूनच करा.

एक राहिलं. मी जुलैत दिवसभर उठत नव्हते, त्याचं खरं कारण रांग एकटीच नव्हती. आमच्या कामाच्या जागेचा संडास बंद असायचा. किल्ली एका बाप्याच्या खिशात, आणि तो दुपारनंतर गावात नसायचा. किल्ली मागायची लाज, म्हणून मी पाणीच पीत नव्हते. दिवसभरात एक तांब्या. पाणी नाही म्हणून उठणं नाही, आणि वर लघवीची जळजळ. हे मी डॉक्टरताईंना सगळ्यात शेवटी सांगितलं, दारापाशी उभं राहून. त्या म्हणाल्या, हे आधी सांगायचं होतंत.

मी एकटीनं मागितलं असतं तर हसले असते. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घेतला, ठरावाच्या वहीत लिहिला, सगळ्या जणींनी सह्या केल्या आणि आम्ही अकरा जणी तो कागद घेऊन गेलो. दुसरी किल्ली करायला चाळीस रुपये लागले. ती आता माझ्या टेबलाच्या खणात असते, आणि दाखल्याला आलेल्या बायाही मागून नेतात.